दोन इंच माया

माणूस कोणत्याही वयात नव्याने जन्म घेऊ शकतो.

निदान पुनर्प्रशिक्षण केंद्राच्या दर्शनी भिंतीवर तसं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली एक कागद डकवला होता : लिफ्ट बंद आहे, गुडघेदुखी असणाऱ्यांनी चौकशीच्या खिडकीवर नाव नोंदवावे. मास्तरांनी दोन्ही मजकूर चष्मा वरखाली करून वाचले आणि ते खिडकीवर गेले. त्यांचं वय एकोणपन्नास होतं आणि वर्ग चौथ्या मजल्यावर होता. खिडकीतल्या माणसाने नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, सही घेतली आणि म्हणाला, "झालं. जिना डाव्या हाताला."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते चोवीस वर्षं कापड कापत होते. गळ्यात टेप, हातात खडू, समोर बारा फुटी टेबल आणि टेबलावर एकावर एक रचलेले कापडाचे ऐंशी थर. त्यांचा हात एकदा फिरला की ऐंशी बाह्या एकदम सुट्या व्हायच्या, आणि ऐंशीवी बाही पहिलीपेक्षा सूतभरही वेगळी नसायची. मग मालकांनी कापणारं यंत्र आणलं. त्याला खडू लागत नव्हता, चहा लागत नव्हता, आणि मापांची फाइल एकदा आत सारली की बाकीचं ते आपलं आपण बघत होतं.

मालक माणूस चांगला. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काढायचं माझ्या मनातसुद्धा नाही. तुम्ही इथे स्टुलावर बसायचं. हिरवं बटण दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात बसायचं."

मास्तर आठ दिवस बसले. नवव्या दिवशी त्यांनी यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलं, की ह्या यंत्राला हे सगळं शिकवतो कोण? तो म्हणाला, प्रोग्रॅमर. मास्तरांनी लाल बटण दाबलं आणि घरी आले.

घरी आणि नातेवाइकांत त्यांनी सांगितलेलं कारण हे असं तेजस्वी होतं. खरं कारण फक्त बायकोला माहीत होतं. खरं कारण पँट.

डॉक्टर दिसला की लोक जशी जीभ बाहेर काढतात, तशी मास्तर दिसले की लोक पँट बाहेर काढत. थोरल्या मेहुण्याच्या वाढदिवसाला गेले, तर मेहुण्याने दारातच पिशवी हातात दिली. "या या, भावजी! काही नाही हो, पायाला एवढी अर्धा इंच दुमडून हवी होती." अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दवाखान्यात पडले, तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने सलाइन लावलेल्या हाताने उशीखालून पँट काढली. "घरी जाताना घालायचीय. कमरेत जरा बघता का?" आयुष्यात एकदा तरी, फार नाही, एखादं वर्ष तरी आपल्याला कोणी पँट दाखवू नये, एवढीच मास्तरांची महत्त्वाकांक्षा होती.

"आता लोक कॉम्प्युटर आणून देतील," बायको म्हणाली. लग्नाआधी ती त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. त्यामुळे मास्तरांच्या कामातलं तिला सगळं कळायचं, आणि मास्तरांमधलं त्याहून थोडं जास्त.

"आणू देत. कॉम्प्युटर उसवावा लागत नाही."

"कोणी सांगितलं?"

कॉम्प्युटर मास्तरांनी तोवर उघडलेलाच नव्हता.

वर्गात अकरा जण होते, सगळे आपापल्या पहिल्या आयुष्यातून बाहेर पडलेले. एक बँकेतला कॅशियर, एक टेलिफोन ऑपरेटर, एक फोटो धुणारा. शिकवायला पंचविशीची एक मॅडम होती. ती सगळ्यांना काका आणि काकू म्हणायची आणि सगळे तिला घाबरून असायचे. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, की कॉम्प्युटर मोजायला सुरुवात करतो ती एकापासून नाही, शून्यापासून.

कॅशियरकाका उभे राहिले. "मॅडम, रांगेतल्या पहिल्या माणसाला मी शून्य नंबर दिला तर तो मला काय देईल, माहीत आहे?"

सगळा वर्ग अडला. मास्तर तेवढे अडले नाहीत. ते म्हणाले, "टेपवर बघा ना. पहिला इंच कुठून सुरू होतो? शून्यापासूनच." मॅडमने त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की त्या दिवशी चार मजले उतरताना मास्तरांचे गुडघे दुखले नाहीत.

कौतुक आठवडाभर टिकलं. मग मॅडमने एकच काम अनेकदा करून घ्यायला शिकवलं आणि आपलं नाव दहा वेळा छापायला सांगितलं. मास्तरांचं नाव अकरा वेळा छापलं गेलं. दुसऱ्या दिवशी शंभराला एकशे एक. तिसऱ्या दिवशी मॅडम त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"काका, प्रत्येक वेळी एक जास्त का?"

"असू द्या. कमी पडलं तर?"

"कमी कसं पडेल? मोजून दहा सांगितलेत ना?"

"मोजून सांगितलेलंच कमी पडतं, मॅडम. ही माया आहे."

मॅडमला वाटलं, काकांचा परमार्थाकडे ओढा आहे. मास्तरांनी मग समजावून सांगितलं. शिवताना कडेला जे जास्तीचं कापड आत दडवून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. गिऱ्हाईक जाड झालं की शिवण उसवायची आणि आतलं कापड बाहेर घ्यायचं. साधुसंत माया सोडा म्हणतात ते संसार सुटावा म्हणून. शिंप्याला माया सोडावी लागते ती गिऱ्हाईक सुटू नये म्हणून.

मॅडमने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, कॉम्प्युटर जाड होत नाही."

हे एक वाक्य पचवायला मास्तरांना अडीच महिने लागले. रोज सकाळी ते डायनिंग टेबलावर दहा म्हणजे दहा असं घोकत बसायचे आणि कॉलेजात जाणारी लेक जाता जाता म्हणायची, "बाबा, छान. उद्या अकरा घेऊ." पण पचलं. नऊ महिन्यांनी प्रमाणपत्र मिळालं तेव्हा अकरा जणांतले सहा उरले होते आणि मास्तर त्यांत तिसरे होते. बायकोने प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं, कडा तपासल्या आणि म्हणाली, "कापलंय वाकडं." पण फ्रेम तिनेच करून आणली.

नोकरीचा अर्ज लेकीने लिहिला. मास्तरांनी सुचवलेले 'कटिंग मास्तर' हे शब्द तिने सुरुवातीलाच खोडले.

"अगं, पण तेच तर केलंय मी."

"बाबा, सॉफ्टवेअरच्या ऑफिसात शिंपी म्हणून गेलास, तर पहिल्या दिवशी तुझ्या टेबलावर काय येईल?"

मास्तरांनी कागद पुन्हा तिच्याकडे सरकवला. लेकीने लिहिलं : मानवी देहाच्या मोजमापांची विदा हाताळण्याचा चोवीस वर्षांचा सलग अनुभव.

मुलाखत घेणारा गृहस्थ तेहतीस वर्षांचा होता. त्याच्या कार्डावर 'संस्थापक' छापलेलं होतं, दारावर होतं आणि चहाच्या मगवरही होतं. त्याने ती ओळ दोनदा वाचली. "मोजमापं म्हणजे, आरोग्य क्षेत्रात होतात का?"

"अंगावरचंच काम होतं," मास्तर म्हणाले. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

"ग्रेट. वयाचा अनुभव हवाच होता आम्हाला. तीन महिने प्रोबेशन. तेवढ्यात मोठी चूक झाली नाही, तर कायम."

मोठी चूक झाली तर काय, ते संस्थापकांनी सांगितलं नाही. मास्तरांना ते माहीत होतं. मालक अजून रस्त्यात भेटले की प्रेमाने सांगायचे, "मास्तर, स्टूल ठेवलंय हं तुमचं."

ऑफिसात चौदा जण होते. सगळ्यांच्या कानांत काहीतरी घातलेलं असायचं, त्यामुळे कोणाला हाक मारायची तर कीबोर्डवरून मारावी लागे. ते मास्तरांना काका म्हणत, स्वतःचे घोळ त्यांच्यापासून लपवत आणि त्यांच्याशी बोलताना आवाज अर्ध्या पट्टीने वाढवत. दोन महिने गेले. मास्तरांनी कोणाच्या तरी वेबसाइटवरच्या बटणांचे रंग बदलले, एका दंतवैद्याच्या भेटींच्या वेळा दुरुस्त केल्या. एकदा एका सहकाऱ्याच्या शर्टाची कॉलर उलटी शिवलेली त्यांना लांबून दिसली. जीभ चावून ते गप्प राहिले. दोन महिन्यांत एकाही माणसाने त्यांना पँट दाखवली नाही. मास्तरांचं वजन दीड किलोने वाढलं.

आणि मग पाणीपुरवठा खात्याचं काम आलं.

खात्याला अकराशे चाळीस कर्मचाऱ्यांसाठी गणवेश शिवून घ्यायचे होते. कर्मचाऱ्याने आपापल्या फोनवर आपलं माप भरायचं. त्या मापाचं कापायच्या मापात रूपांतर करून सगळ्यांची एक फाइल बनवायची. ती फाइल शिवणाऱ्या कारखान्याच्या यंत्रात जाणार. संस्थापक म्हणाले, "काका, देहाच्या मोजमापांचा अनुभव तुम्हालाच आहे. हे तुमचं."

परदेशात हरवलेल्या माणसाला अचानक आपल्या गल्लीतला शेजारी भेटल्यावर वाटतं, तसं मास्तरांना वाटलं. छाती, कंबर, बैठक, पायाची लांबी! बाकीचे असते तर छाती आणि कंबर गुगल करत बसले असते, मास्तरांनी चार दिवसांत काम संपवलं. सोबत कारखान्याकडून एक्केचाळीस पानी सूचनापत्रक आलं होतं, ते त्यांनी नऊ पानांपर्यंत वाचलं आणि हसून मिटलं. कापड कसं कापतात हे आता त्यांना कागद शिकवणार होता!

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकडा कुठल्या तरी नावाखाली ठेवावा लागतो. मास्तरांनी एक नाव ठेवलं 'माया' आणि त्यात दोन हा आकडा ठेवला. दोन इंच. प्रत्येक कमरेत मिळवले, प्रत्येक छातीत मिळवले. अडीच महिने ज्या एका सवयीपायी मॅडमने त्यांना फैलावर घेतलं होतं, ती सवय इथे कामाला येत होती. दहा म्हणजे दहा हे खरं, पण कापड म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. मास्तरांनी फाइल पाठवली. कारखान्याने पोचल्याचं कळवलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

तो प्रोग्रॅम ऑफिसात ज्याने ज्याने उघडला, त्याला पहिल्याच ओळीत माया भेटली. कोणी काही विचारलं नाही. तरुण माणसं होती, त्यांना वाटलं, काका जुन्या वळणाचे आहेत, बायकोचं नाव असं ठिकठिकाणी घालायची त्यांच्या काळात पद्धत असेल.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मास्तरांचा फोन वाजला. मास्तर आंघोळीला गेले होते. बायकोने उचलला.

"नमस्कार. मायावहिनी का?"

बायकोने फोन कानापासून लांब धरून स्क्रीनवरचं नाव वाचलं. संस्थापक.

"कोण माया?"

"सॉरी... म्हणजे... काका आहेत का? दंतवैद्याचं जरा काम होतं."

"आंघोळ करतायत. माया कोण?"

"मी उद्या ऑफिसातच बोलतो," असं म्हणून संस्थापकांनी फोन ठेवला. कुठे थांबायचं हे कळल्याशिवाय माणूस कंपनी काढू शकत नाही.

बायको बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अहो."

"काय गं?"

"माया कोण?"

आतलं पाणी थांबलं. "कोण माया?"

"तेच विचारतेय. तुमच्या साहेबांना ठाऊक आहे, मलाच नाही."

मास्तर टॉवेल गुंडाळून, डोक्याचा साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी खुलासा केला. माया म्हणजे बाई नव्हे. माया म्हणजे माया. शिवणीतली. लेकीने टेबलावर डोकं टेकलं आणि ती हसून हसून लाल झाली. "बाबा! पन्नाशीत लफडं, आणि तेही दोन इंचाचं!"

बायको हसत नव्हती.

"थांबा. मापात माया तुम्ही धरलीत?"

"मग? धरायलाच हवी."

"कापणार कोण?"

"कोण म्हणजे? यंत्र."

"कसलं यंत्र?"

"अगं, आपल्याकडे आलं होतं तसलंच..." आणि मास्तर थांबले. साबणाचा एक ओघळ भुवईवरून डोळ्यात उतरला, तो त्यांनी पुसला नाही.

जुन्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी मालकांना सांगितलं होतं, "मापं निव्वळ द्यायची. माया हे आपली आपण सोडतं. म्हणून तर मास्तर लागत नाही." हे त्याने मास्तरांच्या समोर, मास्तरांचं टेबल जिथून उचललं त्याच जागी उभं राहून सांगितलं होतं. माणूस झालेला अपमान जन्मभर लक्षात ठेवतो, फक्त त्यातला तांत्रिक भाग विसरतो.

"म्हणजे दोनदा सुटली?" बायकोने विचारलं.

"दोनदा."

"किती जोड?"

"अकराशे चाळीस."

"कापून झाले?"

"शिवूनसुद्धा. शुक्रवारी खात्यात पोचले."

बायको खुर्चीवर बसली. म्हणाली, "सैलच झालेत ना? घट्ट तर नाहीत?"

"सैल."

"मग आत घेता येतील."

"अकराशे चाळीस?"

"काज-बटण मी बघते," ती म्हणाली. हे तिने धीर द्यायला म्हटलं, की टोमणा मारायला, हे बावीस वर्षांच्या संसारानंतरही मास्तरांना ओळखता आलं नाही. "आधी डोकं धुवा."

सोमवारी सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. सूचनापत्रक उघडलं. सतराव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत होतं : मापे निव्वळ द्यावीत. त्यांनी प्रोग्रॅममधून ती ओळ काढली. बदल केला की काय बदललं ते चार शब्दांत लिहायची तिथे शिस्त होती, म्हणून त्यांनी लिहिलं : माया काढून टाकली.

दहा वाजता शेजारच्या टेबलावरच्या मुलीने कानातलं काढलं. "काका, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"नाही, म्हणजे घरी?"

दुपारपर्यंत तिघांनी त्यांना चहा आणून दिला. एकाने, काही लागलं तर सांगा, असं म्हणून खांद्यावर हात ठेवला. संस्थापक समोरून आले, थबकले आणि पाण्याच्या कूलरकडे वळले.

प्रोबेशन संपायला तेरा दिवस होते. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठी स्क्रीन होती. प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावापुढे त्याच्या तक्रारींचा आकडा असायचा आणि नवी तक्रार आली की टिंग वाजायचं. मास्तरांच्या हिशेबाने मंगळवारपासून टिंगटिंग सुरू व्हायला हवी होती. दोन अधिक दोन, म्हणजे दोन इंच नको तिथे. पट्ट्याशिवाय चालताना ती पँट कुठे जाईल, हे सांगायला मास्तर व्हायची गरज नाही. मंगळवारी टिंग वाजलं आणि मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. दंतवैद्य होता. बुधवारी पुन्हा दंतवैद्य. पाणीपुरवठा खात्यापुढे शून्य होतं. गुरुवारी शून्य. पुढच्या सोमवारी शून्य.

तक्रार आली असती तर निदान कळलं असतं किती आली. न आलेली तक्रार मोजता येत नाही. मास्तर रोज घरी यायचे, बायको रोज भुवया उंचावून विचारायची, मास्तर रोज मान हलवायचे. लेकीनेसुद्धा दोन इंचाचे विनोद बंद केले, आणि त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मास्तरांना कळलं.

"सांगून टाका," शेवटच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली.

"आणि कायम नाही केलं तर?"

"तर पुन्हा स्टूल आणि हिरवं बटण. पण मापात घोळ केला आणि लपवला, असा मास्तर मी पाहिलेला नाही. तसल्याशी मी लग्नच केलं नसतं."

संस्थापकांनी त्यांना अकरा वाजता आत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता, पेन उघडं होतं.

"काका, पाणीपुरवठा. अकराशे चाळीस माणसं आणि तक्रारी किती? शून्य! ह्या कंपनीत शून्य कोणाचंच नाही. माझं स्वतःचं नाही."

"साहेब," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "कंबर दोन इंच सैल गेलीय."

संस्थापकांनी त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "काका, टेन्शनने वजन उतरतंच. वहिनींचं मला कळलं. मी त्या दिवशी फोनवर उगाच..."

"माझी नाही. अकराशे चाळीस जणांची. छातीसुद्धा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोनदा सुटलेली माया, सतरावं पान, काढून टाकलेली ओळ. संस्थापकांनी पेनाला टोपण लावलं.

"पण तुम्हाला हे कळलं कसं? सैल, घट्ट, माया..."

"मी शिंपी आहे."

"म्हणजे आरोग्य क्षेत्र...?"

"नाही."

संस्थापकांची नजर क्षणभर टेबलाखाली, स्वतःच्या पँटच्या पायाशी लोळणाऱ्या कडेवर गेली आणि परत वर आली. मास्तरांनी ती जाताना पाहिली आणि येतानाही. मनात म्हणाले, गेलं. कोणी पँट न दाखवण्याचं सुख दोन महिने अठ्ठावीस दिवस टिकलं.

"असं करा," संस्थापक शेवटी म्हणाले. "आत्ता खात्यात जा. काय परिस्थिती आहे ते डोळ्यांनी बघा. लोक बोंबलत असतील तर आपणच आधी माफी मागू, आणि मग... मग बघावं लागेल. हा कागद मी इथेच ठेवतो."

पाणीपुरवठा खात्याचं भांडार एका टाकीच्या मागे होतं. बाहेर झडपा, नळ आणि गंजलेल्या पाइपांचे ढीग, आत लोखंडी कपाटांच्या रांगा. दाराशी टेबल टाकून भांडारपाल बाई बसल्या होत्या आणि वहीत रेघा मारत होत्या. मास्तरांनी खिशातला टेप चाचपला, मापं घ्यावी लागली तर असावा म्हणून त्यांनी वाटेत घरी जाऊन तो आणला होता. घसा साफ करून त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"गणवेशाचं होतं. काही तक्रार?"

"कोणाची?"

"कर्मचाऱ्यांची. कमरेत सैल वगैरे?"

"कोणाच्या कमरेत?"

"बाई, चूक माझी आहे," मास्तर एका दमात म्हणाले. "अकराशे चाळीस पँटा दोन इंच सैल आहेत. तुम्ही नावं द्या, मी एकेक करून सगळ्या आत घेऊन देतो. महिना लागेल, दोन लागतील. पण देतो."

भांडारपाल बाईंनी रेघ पूर्ण केली, पट्टी बाजूला ठेवली आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या उठल्या. तिसऱ्या रांगेतलं कपाट उघडलं. खालपासून वरपर्यंत प्लास्टिकची पाकिटं होती, शिवणाऱ्या कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी. त्यांनी शेजारचं कपाट उघडलं, त्याच्या शेजारचं उघडलं.

"मोजून घ्या. अकराशे चाळीस."

"वाटले नाहीत?"

"मागितले नाहीत. गणवेश घालायचा तो तपासणीच्या दिवशी, असा नियम आहे. एरवी झडपेच्या खड्ड्यात उतरायला हे कोण घालतंय? आपापले जुने कपडे घालतात."

"आणि तपासणी कधी असते?"

बाई जरा आठवत राहिल्या. "मागची झाली तेव्हा मी इथे लागले नव्हते."

"तुम्ही कधी लागलात?"

"अकरा वर्षं झाली."

मास्तर समोरच्या पाइपवर बसले. तेरा दिवस छातीत आवळून बसलेली गाठ एकदम सैल झाली, चांगली चार इंच. ते हसायला लागले. भांडारपाल बाईंनी थोडा वेळ त्यांना हसू दिलं, मग मडक्यासारख्या दिसणाऱ्या एका पितळी झडपेवर ठेवलेली पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या. पाणी आमच्याकडे भरपूर असतं."

मास्तरांनी अर्धी बाटली संपवली आणि आधी बायकोला फोन लावला. "अगं, कोणी घातलेच नाहीत." तिकडून ती म्हणाली, "बरं. येताना बटाटे आणा." पण आवाज तिचाही हलका झाला होता, तो त्यांनी ओळखला.

मग संस्थापकांना लावला.

"काय म्हणतायत? बोंबलतायत का?"

"नाही साहेब. तक्रार खरंच शून्य आहे. कपडे अजून पाकिटांतच आहेत. अकरा वर्षांत कोणी घालायची वेळ आलेली नाही."

पलीकडून संस्थापकांनी विचारलं, "पण काम त्यांना पसंत आहे ना?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. "काम पसंत आहे का?"

"आम्हाला काय," बाई कपाटं लावत म्हणाल्या. "वेळेवर आलं, मोजून भरलं. पसंतच आहे."

"पसंत आहे म्हणतात," मास्तरांनी फोनवर सांगितलं.

"मग या. सही करून टाकू."

मास्तर त्याच दुपारी कायम झाले. पुढच्या वर्षी खात्याने नेमाप्रमाणे पुन्हा गणवेश मागवले. मास्तरांनी एक्केचाळीस पानं वाचली, मापं निव्वळ दिली आणि त्या खेपेचा प्रत्येक गणवेश सुताचाही फरक न होता बरोबर झाला. तेही कोणी घातले नाहीत.